आधी उघडून दाखवा

"वहिनी, ह्या बॉनेटला तुम्हाला कधी हातसुद्धा लावावा लागणार नाही," शोरूमवाला मगदूम म्हणाला आणि त्यानं त्या लालभडक ट्रॅक्टरवर प्रेमानं थाप मारली.

"मला लावायचाय," मी म्हणाले. "उघडा."

तो हसला. माझ्या शेजारी उभे असलेले तात्याही हसले. तात्या म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या वाटण्या कधीच झाल्या होत्या, बाग आमची वेगळी, चूल वेगळी. पण मोठी वस्तू घ्यायची म्हटलं की तात्यांना सोडून जायचं नाही, ही आमच्या घरातली रीत होती. म्हणून त्या दिवशी त्यांच्याच जीपमधून आम्ही मिरजेच्या रस्त्यावरच्या त्या शोरूमला आलो होतो. तात्यांनी आत पाऊल टाकलं तेव्हाच तो लाल ट्रॅक्टर मनात पक्का केला होता. शोरूमवाल्यानं दिलेला चहा घेऊन ते त्याच्याभोवती एक चक्करही मारून आले होते.

आम्हाला पाहिजे होता तो बागेतला छोटा डिझेल ट्रॅक्टर. द्राक्षाच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही. हा बुटका, अरुंद, मांडवाखालून जाणारा. मागं फवारणीचा ब्लोअर जोडायचा आणि ओळ धरून निघायचं. बाग असलेल्या माणसाला बैल नसला तरी चालतो, हा ट्रॅक्टर नसून चालत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला आणि फवारणी त्याच दिवशी झाली नाही, तर डावणीची बुरशी येते आणि घड बघता बघता जळून जातात.

"मालकांना आणलं नाही?" मगदूमनं बॉनेटची किल्ली फिरवता फिरवता विचारलं. जुन्या ट्रॅक्टरपासून तो ह्यांना ओळखत होता.

"त्यांना बरं नाही," तात्या घाईनं म्हणाले.

बरं नव्हतं असं काही नाही. सकाळी निघताना मी ह्यांना चला म्हटलं होतं. "मी येऊन काय करू?" एवढंच बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. आदल्या वर्षी जुन्या ट्रॅक्टरवर अपघात झाला, तेव्हापासून ते असेच होते. बागेत जायचे नाहीत. दारात खुर्ची टाकून बसायचे, कोणी आलं की आत जायचे.

मगदूमनं किल्ली फिरवली, दोन स्क्रू काढले, मग पुढची जाळीदार चौकट दोन्ही हातांनी ओढून काढली आणि बॉनेट वर केलं. आत सगळं काळं आणि चकचकीत होतं. इंजिन कुठं संपतं आणि बाकीचं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं, इतकं सगळं एकमेकांत बसवलेलं.

"डिझेल फिल्टर कुठंय?" मी विचारलं.

"हा काय, इथं खाली."

मी उजवा हात पदरात घेऊन कमरेशी खोचला आणि डावा हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. पुढं एक नळी आडवी येत होती. ती चुकवून बोटं वाकवली तर फिल्टरच्या कडेला नुसती नखं लागली.

"अहो वहिनी, तसं नाही. दोन्ही हात लावा. एका हातानं नळी बाजूला धरायची आणि दुसऱ्यानं फिल्टर फिरवायचा."

"एकाच हातानं निघतोय का ते बघायचंय मला."

मगदूमनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी खांदे उडवले.

"बरं, फिल्टर ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "पंख्याचा पट्टा सैल झाला तर?"

"त्याला हे साइडचं पॅनेल काढायचं. मग हा दुसरा पत्रा. मग आपला माणूस ताणून देतो."

"आणि पट्ट्यावरची जाळी?"

"ती पॅनेलच्या आतल्या बाजूनं बसवलीय. ती काढायला जरा..." तो थांबला. "पण तुम्हाला कशाला काढायला लागतीय? फोन करायचा. माणूस येतो. चोवीस तासांत येतो."

"डावणी चोवीस तास थांबत नाही."

"शालन," तात्या आता जरा वैतागून म्हणाले, "त्यो सांगतोय न्हवं का, माणूस येतो म्हणून? आपल्याला ट्रॅक्टर चालवायचाय का उकलून ठेवायचाय? सगळी तालुक्यातली बागवाली हाच घ्यायला लागल्यात."

"घेऊ देत की. मला उघडून बघायचाय."

मी एअर क्लिनरकडं वळले. त्याचं झाकण दोन बाजूंच्या दोन खिट्ट्यांनी बसवलेलं होतं, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ते सुटत नव्हतं. मी अंगठ्यानं एक दाबली, करंगळीनं दुसरी दाबायला गेले, करंगळी पोचेना. कोपर टेकवून बघितलं. घामानं माझं कपाळ भिजलं. शोरूममधली दोन-चार गिऱ्हाइकं हातातलं सोडून आमच्याकडं बघायला लागली होती. कोणीतरी हसलंही. मला ऐकू आलं. मी डावा हात काढला नाही.

"वहिनी," मगदूमनं आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाही."

माझ्या कमरेशी खोचलेल्या उजव्या हाताकडं त्यानं बघितलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तात्यांच्याही आलं. त्यांनी हातातला कप बाजूच्या टेबलावर ठेवला आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

ह्यांचा उजवा हात मनगटाच्या वरून काढावा लागला होता.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या पंख्यावर जाळी होती, पण पट्टा ताणायचा तर ती काढावी लागायची, आणि ती काढायची तर आधी रेडिएटर सोडवावा लागायचा. त्यात अर्धा दिवस मोडायचा. दोन-चार वेळा तो कुटाणा केल्यावर ह्यांनी जाळी काढून शेडमध्ये टाकली ती टाकलीच. त्या दिवशी फवारणीची घाई होती, पट्टा चिरकत होता. हे इंजिन चालू ठेवून वाकून बघत होते आणि शर्टाची बाही पट्ट्यात गेली. दवाखान्यात भेटायला आलेला जो तो म्हणायचा, नशिबात होतं. मी एकदाही मान हलवली नाही. जाळी काढा-घालायला सोपी असती तर ती जागेवर असती, आणि ह्यांचा हातही जागेवर असता. ह्यात नशिबाचा काय संबंध?

आणि हात गेला त्याहून वाईट पुढं झालं. हे असे होते की कुणाचं इंजिन रस्त्यानं चाललेलं असलं तरी कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, ह्याचा नोझल गेलाय. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक इंजिन रुसलं की ह्यांना न्यायला मोटारसायकल पाठवायचे. तो माणूस दवाखान्यातून आला आणि पान्यांची पेटी त्यानं कॉटखाली सरकवली. तुटका हात टॉवेलखाली झाकून बसायचा. जेवायलाही सगळ्यांच्या आधी नाहीतर सगळ्यांच्या नंतर.

"शालन," तात्या रस्त्याकडं बघतच म्हणाले, "त्यो आता हात लावणार न्हाई. मी भाऊ हाय त्याचा, मला कळतंय. त्याला बसू दे निवांत. तुझी बाग मी करतो म्हटलंय न्हवं? निम्मा माल तुझ्या दारात आणून टाकतो. तुला ट्रॅक्टर घ्यायची बी गरज न्हाई."

"तुम्ही बाग कराल, तात्या. मग ह्यांनी काय करायचं?"

तात्या जीपच्या किल्लीशी चाळा करत राहिले.

"सांगा की. खुर्चीत बसायचं? किती वर्षं?"

"अगं पण लोक काय म्हणतील? लुळ्या नवऱ्याला कामाला लावलं म्हणतील तुला."

"म्हणू द्यात. मी त्यांच्या घरी जेवायला जात नाही."

मगदूम इतका वेळ लाल ट्रॅक्टरचं बॉनेट हातात धरून उभा होता. त्यानं ते हळूच खाली टेकवलं. मग म्हणाला, "मागं चला. एक दाखवतो. पण दिसायला काही नाही हां."

शोरूमच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा होता. निळा, चौकोनी, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. सीटवर धूळ. "हे मॉडेल आता कोण मागत नाही," मगदूम म्हणाला. "कंपनी बंद करणार म्हणतात. पार्ट मात्र बाजारात कुठंही मिळतात, साधं इंजिन आहे. आता तुम्हीच बघा. मी हात लावत नाही."

एक खिट्टी दाबली आणि सगळं बॉनेट एका तुकड्यात पुढं कलंडलं. इंजिनाच्या चारी बाजूंनी उजेड दिसत होता. फिल्टर बाहेरच्या अंगाला, माझ्या छातीच्या उंचीवर. ऑइल बघायची कांडी समोर. एअर क्लिनरला एकच पट्टी, ती ओढली की झाकण हातात. आणि पंख्याची जाळी बिजागरीवर बसवलेली; खिळीसारखी एक पिन उपसली की दारासारखी उघडायची, ढकलली की परत बसायची.

मी ती जाळी कितीतरी वेळा उघडली आणि लावली. डाव्या हातानं. तात्या बघत होते.

डिझेल फिल्टरच्या वाटीची कडी मात्र घट्ट होती. पाना बसेपर्यंत तीनदा निसटला. माझं नख मोडलं, बोटातून रक्त आलं. मगदूमचा हात आपोआप पुढं आला.

"थांबा," मी म्हणाले.

"वहिनी, नवीन आहे म्हणून घट्ट आहे. एकदा सैल झाली की..."

"मग आज सैल होऊ द्या."

मी पान्याच्या दांड्यावर अंगाचा भार टाकला. कडी करकरली आणि फिरली. वाटीतलं डिझेल माझ्या साडीवर सांडलं. ती साडी मी पुढं कितीदा धुतली तरी वास गेला नाही.

एक बॅटरी तेवढी एका हातानं निघेना. ती जड होती आणि खोबणीत बसलेली. दोन्ही कडांना धरल्याशिवाय उचलता येत नव्हती.

"बॅटरी मी धरीन," मी कुणाला न उद्देशून म्हणाले. "हाच द्या."

परतीच्या वाटेवर तात्या जीप चालवत होते. कवठ्याच्या फाट्यावर म्हणाले, "त्याला सांगू नको, का घेतलास ते. मनाला लागंल त्याच्या."

मला ते पटलं. मी सांगितलं नाही.

पण न सांगताही लागायचं ते लागलंच. ट्रॅक्टर दारात उतरवला, तेव्हा हे उंबऱ्यात येऊन उभे राहिले. टॉवेल नेहमीसारखा हातावर. त्यांनी त्या निळ्या डब्याला एकदा वरून खालपर्यंत बघितलं.

"हा कुणी पसंत केला?"

"मी."

"तात्याला लाल पाहिजे होता म्हणं."

"मला हा पाहिजे होता."

"हा कोण घेत नाही आता," हे म्हणाले. "पडून राहिलेला गळ्यात मारला तुमच्या. ह्याच्या घरात आता चांगल्या मशिनीचं काम नाही असं वाटलं असंल मगदूमला." आणि आत गेले.

मी चालवायला शिकले. पहिल्या आठवड्यात बांधावरचा एक पेरू मोडला आणि एकदा ट्रॅक्टर पाटात घातला. ऑइल बघणं, रेडिएटरच्या जाळीतला पाला काढणं, ग्रीस मारणं मी हौसेनं करायचे, तेही मुद्दाम दारासमोर. हे बघतील, दोन शब्द चुकलं म्हणून बोलतील, असं मला वाटायचं. ते खुर्ची फिरवून बसायचे. छाटणी झाली, पानं आली, घड निघाले. पान्यांची पेटी कॉटखालीच होती. झाडताना मी ती रोज थोडी थोडी बाहेर सरकवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ती आत गेलेली असायची.

मग फुलोऱ्यात पाऊस आला.

आदल्या दिवशी संध्याकाळपासून लागला तो पहाटे थांबला. सकाळी आभाळ तसंच भरलेलं, वारा नाही, पानापानांवर पाणी. अशी हवा बागवाल्याला आजारी माणसाच्या घरातल्या हवेसारखी वाटते. मी औषध कालवून टाकी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि निघाले. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीच्या मध्यावर इंजिन खोकलं, एकदा उचल खाल्ली आणि बंद पडलं.

पुन्हा चालू केलं. थोडं चाललं, पुन्हा बंद.

तात्या त्यांची फवारणी गड्यावर सोपवून आमच्याकडं डोकवायला आले होते. त्यांनी लगेच मगदूमला फोन लावला. "त्याचा माणूस जतला गेलाय," फोन ठेवून ते म्हणाले. "संध्याकाळपतोर येतो म्हणतोय. माझा ट्रॅक्टर दुपारी मोकळा होईल, तवर थांब."

"दुपारी परत पाऊस येणार. बघा की वर."

आमचं घर बागेला लागूनच होतं. हे दारात खुर्चीवर बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बंद पडलाय."

"ऐकलं मी."

"चला."

"फिल्टरमध्ये पाणी आलं असंल. वाटी खोलून पूस. आणि परत बसवल्यावर हवा काढ."

मी गेले. वाटी खोलली, पुसली, बसवली, हवा काढली. इंजिन चालू झालं, ओळीच्या टोकापर्यंत गेलं आणि पुन्हा बसलं. मी परत दारात.

"हवा नीट काढली नाहीस तू."

"काढली. फेस जाईपर्यंत काढली."

"मग पंप मारताना स्क्रू आधी आवळला असशील. परत कर."

परत केलं. ह्या वेळी तर ते चालूच होईना. मी बागेतून आले ती पाना हातात घेऊन आले आणि तो ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"आता मी जाणार नाही."

"शालन, बाग जाईल."

"जाऊ दे."

माझ्या मागोमाग आलेले तात्या म्हणाले, "येडी झालीस का काय? सारं साल जाईल."

"तात्या, तुम्ही मध्ये बोलू नका."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. ते जागच्या जागी थांबले. मी ह्यांच्याकडं वळले.

"मला उघडता येतं आणि झाकता येतं. त्याला काय झालंय ते मला कळत नाही. ते तुम्हाला कळतं. तुम्ही हितं बसूनच सांगणार असाल तर ह्या वर्षी द्राक्षं नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. मी वेली तोडते आणि ज्वारी टाकते. ज्वारीला काही लागत नाही. मग बसा खुशाल."

"मी काय करू तिथं येऊन?" ह्यांचा आवाज फुटला. टॉवेल बाजूला फेकून त्यांनी तो हात माझ्यापुढं केला. "हे बघ. बघ की. ह्यानं पाना धरू? एका हातानं इंजिनाचं काम होतं कुठं?"

"होतं."

"तुला काय माहीत?"

"मी करून बघितलंय."

हे माझ्याकडं बघत राहिले.

"घ्यायच्या दिवशी," मी म्हणाले. "उजवा हात पदरात बांधून. लाल ट्रॅक्टर एका हातानं उघडत नाही. हा उघडतो. फिल्टर निघतो, एअर क्लिनर निघतो, पट्ट्याची जाळी एका बोटानं उघडती. बॅटरी तेवढी निघत नाही. ती मी धरीन." आणि मग बोलायचं नव्हतं तेही बोलून गेले. "त्याच्या आधी महिनाभर दुपारी घरात कोणी नसलं की मी डाव्या हातानं सगळं करत होते. कणीक मळणं, दोरी बांधणं, डब्याची झाकणं काढणं. काय जमतं आणि काय जमत नाही ते कळावं म्हणून. दोरी जमत नाही. दात लावावे लागतात."

मला वाटलं, आता हे उठून आत जाणार आणि दार लावून घेणार.

"खरं हाय, शहाजी," तात्या ह्यांना म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माझ्या डोळ्यांदेखत खोललं तिनं. बोटातनं रगत आलं, पर मगदूमला हात लावू दिला न्हाई. लोक हसत हुते."

"मला का सांगितलं नाहीस?" ह्यांनी मला विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठं? गळ्यात मारला म्हणालात आणि आत गेलात."

हे खाली मांडीवरच्या पान्याकडं बघत बसले. मग तो डाव्या हातात घेतला, एकदा उलटा-पालटा केला.

"हा कुठला आणलास? चौदाचा पाहिजे तिथं," ते म्हणाले आणि उठले.

टॉवेल खुर्चीपाशीच पडला होता. त्यांनी तो उचलला नाही. मी आत धावले, कॉटखालची पेटी ओढली आणि त्यांच्यामागून बागेत गेले.

ट्रॅक्टरजवळ पोचल्यावर त्यांनी लगेच काही खोललं नाही. खिट्टी दाबली, बॉनेट कलंडवलं आणि नुसते बघत राहिले. मग टाकीपासून फिल्टरकडं येणाऱ्या नळीवर बोट फिरवत फिरवत सांध्यापाशी थांबले. बोट वर करून नाकाशी नेलं.

"हे कुणी आवळलं?"

"मी. गळत होतं म्हणून."

"वायसर चेपलाय पार. गळायचं थांबलं, पर आता हितनं हवा वढतंय. पान्याशी कुस्ती खेळत्यात होय?" ते जवळजवळ ओरडलेच माझ्यावर. "पेटीत खालच्या कप्प्यात तांब्याचे वायसर असतील. बारका दे."

मी दिला. तो त्यांच्या बोटांतून दोनदा चिखलात पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा तात्या उचलायला वाकले. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागं ओढलं. ह्यांनी तो स्वतः उचलला, शर्टाला पुसला, ओठांत धरला. मग उजवा हात पुढं केला आणि मनगटाच्या वरच्या त्या टोकानं नळी इंजिनावर दाबून धरली. अपघातानंतर त्या हातानं त्यांनी केलेलं ते पहिलं काम. दुखलं असणार, कारण त्यांनी दात आवळले. पण नळी हलली नाही. डाव्या हातानं वायसर बसवला, नट फिरवला, पाना लावला आणि अगदी थोडा आवळला.

"एवढंच," ते मला म्हणाले. "ह्याच्या पुढं न्हाई."

मग अंगठ्यानं पंप मारला. स्क्रूतून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. त्यांनी स्क्रू बंद केला आणि मान हलवली. मी चढून किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं. ह्यांनी कान तिरका करून थोडा वेळ ऐकलं.

"उतर," ते म्हणाले.

"अहो, वळणावर एका हातानं..."

"उतर म्हणतोय न्हवं."

मी उतरले. ते डाव्या बाजूनं, चाकावर पाय देऊन चढले, थोडे अडखळले, आणि सीटवर बसले. मी माझ्या तोंडाचं फडकं सोडून त्यांच्या तोंडाला बांधलं. त्यांनी गियर टाकला, ब्लोअर सुरू केला आणि ओळ धरली. सरळ ओळीत काही वाटलं नाही. टोकाला वळण आलं. स्टिअरिंग एका हातानं फिरवायला वेळ लागला, ट्रॅक्टर रुंद गेला आणि मागचं चाक मांडवाच्या कडेच्या अँगलवर बसलं. अँगल वाकला, तारा झणझणल्या, दोन वेली खाली लोंबल्या.

"अगं थांबीव त्याला," तात्या माझ्या कानाशी म्हणाले. "सारी बाग पाडंल त्यो."

"पाडू दे, तात्या. आमचीच हाय."

ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. थोडं मागं घेतलं, पुन्हा पुढं, आणि ट्रॅक्टर पुढच्या ओळीत शिरला. औषधाचा पांढरा धूर पानांतून वर आला आणि मला फक्त आवाज ऐकू येत राहिला.